बहकलेला शिकारी कुत्रा

महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्याची कथा महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. द्रोणाचार्यांची अनुज्ञा घेऊन पांडव मृगयेस निघाले. त्यांच्यामागून एक सेवक शिकारीचे साहित्य व एक कुत्रा घेऊन चालला होता. हा कुत्रा रानात एकटाच भटकत गेला, मृगाजिन पांघरलेल्या त्या निषादकुमारापाशी पोहोचला आणि त्याला पाहून भुंकू लागला. एकलव्याने त्याच्या उघड्या तोंडात जणू एकाच वेळी सात बाण सोडले, व तशा स्थितीत ते बिचारे जनावर पांडवांकडे परत आले. यापुढची कथा अंगठ्याची. तिच्यावर कीर्तनकारांपासून नाटककारांपर्यंत अनेकांनी आपापल्या परीने भाष्य केले आहे. कुत्र्याकडे मात्र सहसा कोणी वळून पाहिले नाही. एखाद्या जुन्या पारध्यास ही गोष्ट सांगितली असती तर त्याने पहिला प्रश्न निराळाच विचारला असता. शिकार चालू असता कुत्रा एकटा भटकत गेलाच कसा, आणि श्वापद सोडून माणसावर भुंकला का?

पारध्याचा हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. इमानी कुत्र्यांची आठवण लोक जपून ठेवतात. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांस शिकारीचा आणि कुत्र्यांचा मोठा नाद होता. त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने वाघापासून त्यांचे प्राण वाचविले, म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, ही कथा परंपरेने चालत आली आहे, आणि संगम माहुली येथे त्याची समाधी आजही दाखवितात. परंतु एका खंड्यामागे न ऐकणारे, भलत्याच जनावरामागे धावणारे, माग नसता भुंकणारे किती कुत्रे होऊन गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्यांच्या समाध्या नाहीत. बहुतेकांच्या वाट्यास चाबूक आला, आणि चाबकाने भागले नाही तेव्हा मृत्यू.

तरुण शिकारी कुत्रा बिघडला म्हणजे नेमके काय झाले, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. अशा कुत्र्याच्या अंगी बळ नसते किंवा त्याचे नाक मंद असते असे नाही. उलट पुष्कळदा तोच ताफ्यातील सर्वांत चपळ व उत्साही असतो. त्याचा दोष हा, की त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. सशाचा माग काढता काढता तो मध्येच दुसऱ्या जनावराच्या मागे जातो. हाक मारली तर ऐकून न ऐकल्यासारखे करतो. काल उत्तम काम केले म्हणून आज करीलच असे सांगता येत नाही. एकट्या कुत्र्याचे हे वागणे धन्यास त्रासदायक होते, पण ताफ्यातील कुत्र्याचे वागणे साऱ्या ताफ्यास बाधते. कारण एकाने खोटाच माग लागल्याची आरोळी दिली की बाकीचे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून धावत सुटतात.

या विषयावर आज उपलब्ध असलेले जुने ग्रंथ चाळले तर सर्वांत सविस्तर विवेचन एका ग्रीक लेखकाच्या नावावर आढळते. झेनोफन हा सॉक्रेटिसाचा शिष्य, व्यवसायाने सैनिक. ख्रिस्तपूर्व ४३० च्या सुमारास अथेन्समध्ये त्याचा जन्म झाला. पुढे अथेन्सने त्याला हद्दपार केले, आणि स्पार्टाच्या कृपेने ऑलिंपियाजवळ स्किल्लूस येथे त्याला जमीन मिळाली. तेथे त्याची मुले शिकार करीत, असे त्याने स्वतःच दुसऱ्या एका ग्रंथात लिहून ठेवले आहे. त्याच्या नावावर ‘किनेगेटिकस’ म्हणजे ‘श्वानमृगया’ या अर्थाचा एक छोटासा ग्रंथ आहे. तो सर्वस्वी त्याचाच की काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु ज्याने तो लिहिला त्याने कुत्र्यांबरोबर डोंगर पालथे घातले होते, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

त्या काळची ग्रीक शिकार मुख्यत्वे सशाची. सशाच्या वाटांवर जाळी लावावयाची, मग कुत्र्यांकडून माग काढवून त्याला जाळ्याकडे पळवावयाचे, अशी ती पद्धत होती. वेग दुय्यम, माग खरा धरणे हे मुख्य. म्हणूनच झेनोफनने कुत्र्यांच्या दोषांची जी यादी दिली आहे ती वाचताना एखाद्या अनुभवी पंतोजीने आपल्या वर्गाचे वर्णन करावे तसा भास होतो. काही कुत्री माग लागला तरी कसलीच खूण दाखवीत नाहीत. काही फक्त कान हलवितात आणि शेपूट निश्चल ठेवतात. काहींचे याच्या उलट. काही मागाभोवती वेड्यासारखी भुंकत धावतात आणि तो पायांखाली तुडवून नाहीसा करतात. काहींना स्वतःवर विश्वास नाही. ती शेजाऱ्याला काय सापडले हे पाहण्यास पुन्हा पुन्हा धावतात. काही आपल्याहून हुशार कुत्र्यांना गोंगाट करून पुढे जाऊ देत नाहीत. काही तर खोटा माग खोटा आहे हे जाणूनही मोठ्या आनंदाने तोच धरून पुढे चालतात. पाठलाग अर्धवट टाकून परतणाऱ्यांचे त्याने दोन वर्ग केले आहेत. काही श्वापदाचा तिटकारा येऊन परततात, आणि काही माणसांवरील प्रेमामुळे! हा दुसरा दोष वाचून घरोघरच्या कुत्राप्रेमी मंडळींस हसू आवरणार नाही. परंतु जाळ्यापाशी सशाची वाट पाहत उभ्या असलेल्या शिकाऱ्याला मध्येच परत येऊन हात चाटणाऱ्या कुत्र्याचे कौतुक वाटत नसेल, हेही खरे.

एवढी यादी दिल्यावर तो म्हणतो, की यांपैकी बहुतेक खोडी जन्मजात असतात, पण काही शहाणपणाने न शिकविल्यामुळे लागतात. वाक्याचा हा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. दोषाचा काही भाग शिकविणाराच्या पदरात घालणारे इतके स्पष्ट विधान त्या प्राचीन काळी एका शिकाऱ्याने करावे, ही साधी गोष्ट नव्हे. आणि पुढच्या प्रकरणांत तो जे शिक्षण सांगतो त्यात मारपिटीस फारशी जागा नाही. पिलांना नावे लहान द्यावीत, म्हणजे हाक मारणे सोपे जाते; अशी चाळिसांहून अधिक नावे त्याने मोजून दिली आहेत. मादी आठ महिन्यांची आणि नर दहा महिन्यांचा झाल्यावर रानात न्यावा, पण लगेच मोकळा सोडू नये. लांब दोरीला बांधून माग काढणाऱ्या जाणत्या कुत्र्यांच्या मागून चालवावा. ससा उठला तरी पिलू तत्काळ सोडू नये. ससा दृष्टीआड झाल्यावर सोडावे, नाही तर समोर दिसणाऱ्या सशामागे शक्तीबाहेर धावून ते आपल्या अंगाची हानी करून घेते. शिकार संपून जाळी काढावयाची वेळ आली की पिलांना जाळ्याजवळ खाऊ घालावे. अननुभवामुळे एखादे रानात चुकले असेल तर अन्नाच्या ओढीने ते नेमके तेथे येते आणि वाचते. हा शेवटचा नियम लिहिणारा मनुष्य पिलू परत येईना म्हणून कधी तरी रात्रीपर्यंत डोंगरात बसून राहिला असावा.

एका गोष्टीची मात्र तो कडक मनाई करतो. कुत्र्याला खोकडामागे धावू देऊ नये. आपण मराठीत सरसहा ज्याला कोल्हा म्हणतो तो निराळा; युरोपातले हे तांबूस, झुबकेदार शेपटीचे जनावर म्हणजे खोकडच. खोकडामागे जाण्याची चटक लागलेला कुत्रा पुरता बिघडतो आणि हवा तेव्हा कधीच जवळ नसतो, असे झेनोफनचे म्हणणे. बहकण्याचे खरे कारण येथे त्याने नेमके ओळखले आहे. कुत्रा भलतीकडे जातो, कारण भलतीकडे त्याला आनंद मिळालेला असतो. एकदा मिळाला, की पुढील दहा वेळा तो त्याच आशेने जाईल.

घोड्यांवरील आपल्या ग्रंथात याच लेखकाने आणखी एक नियम दिला आहे तो येथेही लागू पडतो. घोड्याशी कधीही रागाच्या भरात वागू नये, कारण राग पुढचा विचार करीत नाही, आणि मागाहून पश्चात्ताप करावा लागेल असे कृत्य हातून घडवितो.

झेनोफननंतर सुमारे पाचशे वर्षांनी रोमन साम्राज्यात एक ग्रंथकार झाला. त्याने स्वतःलाही झेनोफन म्हणवून घेतले आणि मूळ झेनोफनचा शिकारग्रंथ पुढे चालविला. हा अ‍ॅरियन. भारतीय वाचकांना त्याचे नाव अपरिचित नाही. शिकंदराच्या स्वारीचा आणि पंजाबातील लढायांचा जो विश्वसनीय वृत्तांत आज उपलब्ध आहे तो याच्याच लेखणीचा. सम्राट हेड्रियनच्या कारकीर्दीत तो कॅपॅडोशियाचा सुभेदार होता. त्याचे म्हणणे असे, की जुन्या झेनोफनला केल्ट लोकांची वेगवान कुत्री ठाऊक नव्हती, म्हणून त्याचा ग्रंथ अपुरा राहिला. ही कुत्री नाकाने माग काढीत नाहीत. ती डोळ्यांनी पाहून झेप घेतात. उंच, सडपातळ, लांब तोंडाची अशी ही जात. आपल्याकडे ज्याला कारवानी किंवा मुधोळचा कुत्रा म्हणतात त्याचा आणि या केल्टिक कुत्र्यांचा धर्म एकच. डोळ्यांसमोर काही हलले की अशा कुत्र्याचे कान जणू बंद होतात. तेव्हा भरवशाचा प्रश्न या जातीत अधिकच बिकट.

अ‍ॅरियनची स्वतःची एक कुत्री होती. तिचे नाव हॉर्मी, म्हणजे आवेग. तिच्याविषयी लिहिताना या सुभेदाराची लेखणी एकदम घरगुती होते. ती त्याच्याबरोबर व्यायामशाळेत जाई, तो व्यायाम करी तोवर बसून राही, आणि परतताना पुढे चालत असता धनी आडवाटेस तर लागला नाही ना, हे पाहण्यास पुन्हा पुन्हा मागे वळे. भूक, तहान, आनंद, तक्रार यांसाठी तिचे निरनिराळे आवाज होते. नंतर एक वाक्य येते. लहानपणी तिला चाबकाने मारले गेले होते. त्यामुळे आजही कोणी चाबकाचे नुसते नाव काढले तरी ती त्या माणसाजवळ दबत दबत येते, गयावया करते, त्याच्या तोंडाला तोंड लावते, उडी मारून गळ्यात पडते, आणि त्याचा राग जाईपर्यंत सोडत नाही.

अ‍ॅरियनने हे कौतुकाने लिहिले आहे. तिची प्रेमळ वृत्ती दाखविणे हाच त्याचा हेतू. परंतु आजच्या वाचकाला त्यात दुसरेच काही दिसते. हॉर्मी अत्यंत वेगवान, अत्यंत कष्टाळू कुत्री होती, हे तो सांगतो. मग लहानपणी तिने असे काय केले होते? ते त्याने लिहिलेले नाही, आणि तिच्या तरी ध्यानात राहिले असेल असे दिसत नाही. गुन्हा विसरला गेला आणि चाबूक लक्षात राहिला. तिचे उत्तम गुण चाबकातून आले असे म्हणण्यास त्या पानात कोठेही आधार नाही. उलट कुत्र्याने चांगली धाव घेतली म्हणजे धन्याने घोड्यावरून उतरावे, त्याला थोपटावे, डोके चुंबावे आणि नाव घेऊन शाबासकी द्यावी, असा नियम पुढे अ‍ॅरियन स्वतःच घालून देतो. कारण स्तुतीने थोर माणसांना जसा आनंद होतो तसाच कुत्र्यांनाही होतो. खरा शिकारी ससा मरावा म्हणून कुत्रे सोडीत नाही, शर्यत पाहावी म्हणून सोडतो, आणि ससा निसटला तर त्यालाही बरेच वाटते, हेही त्याचेच मत. अथेन्सच्या झेनोफनची हॉर्मी नावाची अशी कुत्री होती हे पुढील पिढ्यांस कळावे म्हणून आपण तिचे नाव लिहून ठेवीत आहो, असे तो सांगतो. ते साधले आहे.

मध्ययुगातील युरोपात शिकार हा सरदारांचा जवळजवळ दुसरा धर्मच झाला. फ्रान्सच्या दक्षिणेकडील फ्वा येथील काउंट गास्तों फेब्यूस याने इ. स. १३८७ साली आपला प्रसिद्ध शिकारग्रंथ लिहावयास घेतला. इंग्लंडात यॉर्कच्या ड्यूकने पुढे त्याचेच बहुतांशी भाषांतर केले. कुत्र्यांची निगा कशी ठेवावी याविषयी फेब्यूस किती बारकाईने लिहितो! गवताचे अंथरूण, स्वच्छ पाणी, उन्हाची जागा, आजारांवरील औषधे, सारे त्यात आहे. रात्री कुत्र्यांत भांडणे होऊ नयेत म्हणून श्वानशाळेत रात्रंदिवस एक पोऱ्या ठेवावा, असेही त्याने सांगितले आहे. शिकाऱ्याचे शिक्षण सातव्या वर्षी सुरू करावे. त्या मुलाने प्रत्येक कुत्र्याचे नाव व रंग ओळखण्यास शिकावे. आणि धन्याच्या आज्ञेत चूक करण्याचा धाक मनात बसेपर्यंत त्या मुलास मार द्यावा! कुत्र्यांसाठी इतका कळवळा असलेल्या गृहस्थाला सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत दुसरा उपाय सुचला नाही. त्याच्या काळी तो कोणालाच सुचत नव्हता, असे म्हणून हे प्रकरण सोडून द्यावे हे बरे; त्या पद्धतीचे वारस विसाव्या शतकापर्यंत छडी हातात घेऊन वर्गावर्गांतून उभे होतेच.

बहकलेल्या कुत्र्याचा प्रश्न सर्वांत मोकळेपणाने आणि विनोदबुद्धीने चर्चिला तो अठराव्या शतकात, इंग्लंडातील डॉर्सेट परगण्याच्या पीटर बेकफर्ड याने. इ. स. १७४० ते १८११ हा त्याचा काळ. स्टेपलटन येथे त्याचा वाडा होता. ग्रीक, लॅटिन, इटालियन, फ्रेंच या भाषा त्याला अवगत असून तो काही काळ पार्लमेंटचा सभासदही होता. रोममध्ये प्रवासास गेला असता तेथील चौदा वर्षांच्या एका मुलाचे वाद्यवादन ऐकून त्याने त्या मुलाच्या बापाशी करार केला आणि मुलाला आपल्या घरी आणले. सात वर्षे तो मुलगा स्टेपलटनच्या वाड्यात वादनाची साधना करीत बसला. हाच पुढे युरोपभर गाजलेला पियानोवादक व संगीतकार मूत्सिओ क्लेमेंती. एका बाजूस हा मुलगा सुरांवर बोटे फिरवीत आहे आणि दुसऱ्या बाजूस श्वानशाळेतून खोकडामागे जाणाऱ्या कुत्र्यांचा गलका ऐकू येत आहे, असे त्या घरातील दृश्य असले पाहिजे.

इ. स. १७८१ मध्ये बेकफर्डचा ‘थॉट्स अपॉन हंटिंग’ हा पत्ररूप ग्रंथ निघाला. झेनोफनची कुत्री सशाची होती आणि त्यांना खोकड वर्ज्य होते. बेकफर्डची कुत्री खोकडाची, त्यांना ससा वर्ज्य. तरुण कुत्रा सशामागे, हरणामागे किंवा मेंढरांमागे सुटला म्हणजे तो बहकला. मेंढरांवर दात टाकणारा कुत्रा ही तर नुसती शिकारीची अडचण नव्हे. ती शेजारच्या शेतकऱ्याची खरीखुरी हानी.

बेकफर्डचा मुख्य भर खोड लागण्यापूर्वीच्या तयारीवर आहे. पिले शेतकऱ्यांच्या घरी वाढावयास द्यावीत, म्हणजे त्यांना माणसांची आणि पाळीव जनावरांची सवय होते. परत आणल्यावर त्यांना दोन-दोन अशी जोडीने बांधून फिरावयास न्यावे, मेंढरांमधून न्यावे, हरणांच्या कुरणातून न्यावे, इतके की ती जनावरे दिसणे ही रोजची गोष्ट होऊन जावी. प्रथम शिकारीला जाताना जाणत्या कुत्र्यांची संगत द्यावी. श्वानशाळेत जेवणाची वेळ झाली की दार उघडे टाकून एकेका कुत्र्याला नावाने हाक मारावी, आणि ज्याचे नाव घेतले त्यानेच आत यावे. समोर अन्न, दार उघडे, आणि तरीही आपल्या नावाची वाट पाहणारा कुत्रा रानातही हाकेस ओ देतो. काही ठिकाणी नेमके जेवणाच्याच वेळी कुत्र्यांना फटके देण्याची चाल होती. तिच्यावर बेकफर्डने मोठ्या खोचक शब्दांत लिहिले आहे. त्याला चाबूक सर्वस्वी वर्ज्य नव्हता. पण तो गुन्ह्याच्या ऐन क्षणी पडावा, आणि त्याबरोबर आवाजाने दटावणीही व्हावी, म्हणजे पुढे नुसत्या आवाजाने काम भागते.

मेंढ्या मारणाऱ्या कुत्र्यावर त्या काळी एक रामबाण उपाय समजला जात असे. त्याला एका मस्त एडक्याबरोबर ठेवावे. एडका ढुशा देऊन देऊन त्याची खोड जिरवितो. बेकफर्डच्या ओळखीच्या एका उमरावाचा सारा ताफाच मेंढ्या मारू लागला होता. त्याने सर्वांत दांडगा एडका शोधून आणला आणि श्वानशाळेत सोडला. चाकरांचे चाबूक, आरडाओरडा आणि एडक्याची शिंगे यांनी एकच हलकल्लोळ उडाला. मग एडक्याला आणि कुत्र्यांना एकत्र कोंडून दार लावून घेतले. थोड्या वेळाने एक मित्र भेटला. उमराव त्याला ही गंमत दाखवावयास मोठ्या उत्साहाने घेऊन निघाला. कुत्री जायबंदी होतील अशी शंका मित्राने काढली, तेव्हा त्यांना भोगू द्या, त्यांची तीच लायकी, असे उत्तर मिळाले. श्वानशाळेत पोहोचतात तो सर्वत्र शांतता. दार उघडले तर एडका नाही आणि कुत्रीही समोर नाहीत. ती एडका पुरता फस्त करून पोटभर जेवणानंतर झोपावयास गेली होती.

ही गोष्ट केवळ हसण्यासाठी नाही. मेंढीचे मांस खाऊ नये हा धडा शिकविण्यासाठी उमरावाने कुत्र्यांना मेंढीच्या मांसाची मेजवानी दिली. शिक्षेतून कुत्रा काय शिकला हे शिक्षा देणाराच्या मनातील हेतूवर अवलंबून नसते. कुत्र्याला शेवटी काय मिळाले यावर असते.

याच बेकफर्डविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. त्याच्या घराण्याचे वैभव जमेका बेटातील उसाच्या मळ्यांतून आलेले होते, आणि ते मळे गुलामांच्या श्रमावर चालत. समजल्यावाचून मारलेला फटका कुत्र्याला काहीच शिकवीत नाही, हे डॉर्सेटमध्ये बसून ज्याने इतक्या सहृदयतेने ओळखले, त्याचे भोजन, त्याची श्वानशाळा आणि क्लेमेंतीचे वाद्य या सर्वांचा खर्च समुद्रापलीकडे चाबकाखाली राबणाऱ्या माणसांनी भरला होता. ग्रंथाचे गुण यामुळे कमी होत नाहीत. पण तो वाचताना हे विसरताही येत नाही.

या अनुभवी शिकाऱ्यांनी जे नुसत्या निरीक्षणाने ओळखले त्याची शास्त्रीय फोड नंतर झाली. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक याने इ. स. १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीपाठोपाठ सुख मिळते ती कृती पक्की होते, असे त्यांतून दिसून आले. ‘पाठोपाठ’ हा शब्द येथे कळीचा आहे. तरुण कुत्रा सशामागे सुटला, अर्धा तास हुंदडला, शेवटी दमून धन्याकडे आला, आणि धन्याने संतापाने त्याला बडविले, हा प्रसंग जगात असंख्य वेळा घडला असेल. धन्याच्या हिशेबी ही सशामागे जाण्याची शिक्षा. कुत्र्याच्या हिशेबी सशामागे जाण्याचे फळ अर्ध्या तासाचा आनंद, आणि परत येण्याचे फळ मार. दुसऱ्या दिवशी तो ससा सोडील हे कठीणच, पण परत येण्याचे मात्र टाळू लागेल. मग धनी म्हणतो, कुत्रा बिथरला, आता हाकेलाही येत नाही.

बी. एफ्. स्किनर आणि त्याच्या पिढीतील संशोधकांनी उंदीर व कबुतरे यांच्यावर केलेल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट उघड झाली. बक्षीस दर वेळी न मिळता मधून मधून मिळत गेले, तर ती सवय मोडणे अधिक कठीण जाते. दहांतून एकदाच ससा हाती लागणाऱ्या कुत्र्याची खोड का जात नाही, हे यावरून कळते. झेनोफनची लांब दोरी आणि बेकफर्डची जोडी बांधण्याची रीत यांचे मर्मही हेच. भलत्या मार्गाने मिळणारा तो अकरावा आनंद कुत्र्याला मिळूच द्यावयाचा नाही. आजचे जाणते शिक्षकही बहकलेल्या कुत्र्याला प्रथम पुन्हा दोरीवर घेतात, काम सोपे करतात, हाकेला आल्याबरोबर काही तरी गोड हाती देतात, आणि मग दोरी हळूहळू सैल करतात. याला आठवडे लागतात. चाबकाला एक क्षण पुरतो, आणि त्याचे आकर्षण त्यातच आहे.

वयाचीही एक बाजू आहे. ब्रिटिश संशोधकांनी इ. स. २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले, की पाच महिन्यांच्या वयात आज्ञा पाळणारी पिले आठ महिन्यांची झाली की आपल्या पालकाचे कमी ऐकू लागतात. आणि हीच पिले त्या वयात परक्या माणसाचे मात्र ऐकतात! वर्षाची होईपर्यंत बहुतेक पुन्हा ताळ्यावर येतात. घरात चौदा-पंधरा वर्षांचे मूल असलेल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. झेनोफनने मादीला रानात प्रथम नेण्याचे वय आठ महिने दिले आहे, आणि त्याच वयात दोरी लांब पण हातात ठेवावयास सांगितले आहे, हा योगायोगही असेल. परंतु ज्या तरुण कुत्र्यांना ऐन या वयात बेभरवशाचे ठरवून कायमचे निकालात काढले गेले, त्यांतील कित्येक चार महिने थांबले असते तर उत्तम निपजले असते, असे मानण्यास जागा आहे.

शिकारीचे दिवस आता सरले. भारतात इ. स. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी रानातील शिकार बंद केली. मुधोळच्या कुत्र्याचे चित्र इ. स. २००५ मध्ये टपालाच्या तिकिटावर आले, आणि २०१६ मध्ये त्याची पिले लष्कराच्या कामाची परीक्षा देण्यास मीरतला गेली. इंग्लंड व वेल्समध्ये इ. स. २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकडून खोकडाची शिकार करविणे गुन्हा ठरला, आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून तो अमलात आला. तेथील ताफे मोडले नाहीत; माणसाने आधी जमिनीवर ओढून ठेवलेल्या कृत्रिम वासामागे कुत्री धावतात असे त्यांचे चालक सांगू लागले. वाटेत खऱ्या खोकडाचा माग लागला तर कुत्र्यांना तेथल्या तेथे थांबविणे हे चालकाचे कर्तव्य झाले, आणि ते न केल्याच्या आरोपावरून कित्येक खटलेही झाले. ज्या जनावरामागे धावल्याने कुत्रा पुरता बिघडतो असे झेनोफन म्हणाला, ज्याच्याखेरीज दुसऱ्या कशामागेही धावू नये म्हणून बेकफर्डने आपली पिले मेंढरांमधून आणि हरणांमधून फिरविली, त्या खोकडाकडे पाठ फिरविण्याचे शिक्षण आता त्याच बेकफर्डच्या देशात, त्याच जातीच्या पिलांना द्यावे लागते.